जुन्या गिअरबॉक्समधले तेल

मोटारीच्या देखभालीत इंजिन ऑइलला जो मान मिळतो, तो गिअर ऑइलच्या वाट्याला क्वचितच येतो. इंजिन ऑइल ठरावीक अंतरानंतर बदलायचे असते हे गाडी वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते; ते पाहण्यासाठी डिपस्टिक असते, दाब घसरला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिसिंगच्या बिलावर त्याची ओळ न चुकता छापलेली असते. हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांतील गिअरबॉक्सला मात्र बहुधा डिपस्टिकही नसते, दिवाही नसतो आणि तेल गाळणारा फिल्टरही नसतो. परिणामी लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या कितीतरी गाड्यांत कारखान्यात भरलेले तेलच अजून फिरत असते, आणि गिअर अडकू लागल्यावर किंवा खरखरू लागल्यावरच कोणाला त्याची आठवण होते. त्या वेळी जे तेल भरले जाते तेही पुष्कळदा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे नसून दुकानात हाताशी असलेल्या डब्यातले असते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक नुकसान करू शकते. ती का, हे समजण्यासाठी गिअरबॉक्समध्ये तेलाकडून नेमकी कोणती कामे करून घेतली जातात हे आधी पाहावे लागते.

आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सर्व पुढच्या गिअरांच्या दातेरी चक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. चालक दांडा हलवतो तेव्हा चक्रे एकमेकांत सरकत नाहीत. शाफ्टवर मोकळे फिरणारे एखादे चक्र त्या शाफ्टला पक्के जोडले जाते, एवढेच घडते. दात दातावर घासतात तेथे तेलाने त्यांच्यामध्ये पातळ थर धरून धातूला धातूपासून दूर ठेवायचे असते, बेअरिंगना ओले ठेवायचे असते, उष्णता उचलून आवरणापर्यंत न्यायची असते आणि गंज रोखायचा असतो. या सगळ्यासाठी बहुतेक गिअरबॉक्समध्ये पंप नसतो. खालच्या बाजूची चक्रे तेलात अर्धवट बुडालेली असतात आणि फिरताना ती तेल वर उडवतात. आवरणाच्या आतल्या भिंतींवरून, पन्हळींतून आणि छिद्रांतून ते तेल बेअरिंगपर्यंत उतरते. तेलाची पातळी थोडी घसरली तरी ही सारी व्यवस्था कोलमडू लागते, आणि ज्या रचनांमध्ये पाचव्या गिअरची जोडी मुख्य कप्प्याबाहेर एका टोकाला बसवलेली असते, तेथे तिला सर्वांत आधी तेल कमी पडते. महामार्गावर तासन् तास पाचव्यात धावणाऱ्या गाडीचा तोच गिअर आधी वाजू लागतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

या सगळ्या कामांच्या नेमके उलट असे एक काम याच तेलाला करावे लागते. मोकळे फिरणारे चक्र आणि शाफ्ट यांचा वेग जुळल्याशिवाय त्यांना जोडता येत नाही. वेग जुळण्याआधी जोडण्याचा प्रयत्न झाला की दात दातावर आपटून खरखर होते. जुन्या ट्रकांचे चालक हे जुळवण्यासाठी ‘डबल क्लच’ मारत, म्हणजे मधल्या न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, गरजेप्रमाणे ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा क्लच दाबत. ती कसरत नको म्हणून वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश नावाची यंत्रणा आली. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये ती प्रथम मोटारीत बसवली. तिचा गाभा म्हणजे बहुधा पितळेची किंवा तत्सम तांबेयुक्त मिश्रधातूची, आतून शंकूच्या आकाराची एक रिंग. दांडा हलताच ही सिंक्रो रिंग चक्राच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने त्याला ब्रेक लावते किंवा ओढून वेग देते, आणि वेग जुळल्यावरच पुढची वाट मोकळी करते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर साडेतीन आणि दुसऱ्याचे एक पूर्णांक नऊ दशांश असलेल्या एखाद्या लहान गाडीत ३००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसरा टाकला, तर इनपुट शाफ्ट आणि त्याच्याबरोबर फिरणारी क्लच प्लेट यांना मिनिटाला सुमारे १६०० फेऱ्यांपर्यंत खाली आणण्याचे काम या रिंगला क्षणार्धात करावे लागते. चौथ्यातून पाचव्यात जाताना हीच घट फार तर सहा-सातशे फेऱ्यांची असते. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो सर्वांत आधी झिजतो तो यामुळे. शिवाय शहरातल्या गर्दीत हाच गिअर दिवसभर वापरला जातो.

रिंगने शंकूला पकडायचे तर त्यांच्यामधला तेलाचा थर काही सहस्रांश सेकंदांत बाजूला सारला गेला पाहिजे. त्यासाठी रिंगच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक आटे पाडलेले असतात. ते तेल कापून बाहेर ढकलतात. अर्थात एकाच तेलाने दातांमध्ये टिकून राहायचे आणि रिंगखालून तत्परतेने निघून जायचे, दातांना निसरडे करायचे आणि रिंगला पकड घेऊ द्यायची, असा हा परस्परविरोधी करार आहे. गिअर ऑइल निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या करारातले दुसरे कलम विसरल्याने होतात. नव्या गाडीत रिंगचे आटे धारदार असतात म्हणून चूक काही काळ खपून जाते. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत ते आटे अर्धे झिजून सपाट झालेले असतात, आणि तेथे चुकीचे तेल लगेच दांड्यावर जाणवते.

तेलाच्या डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ अशी जी अक्षरे असतात ती अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतली असून, तेल किती जड दाब सहन करते हे ती सांगतात. दातांवरचा दाब फार वाढला की तेलाचा थर फाटतो. अशा वेळी तेलात मिसळलेली गंधक आणि फॉस्फरसची संयुगे तापलेल्या पोलादाशी अभिक्रिया करून त्यावर एक अतिसूक्ष्म, मऊ थर तयार करतात. झीज त्या थराची होते, पोलादाची होत नाही. गिअर ऑइलला जो उग्र, नाकात बसणारा वास असतो तो या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये या संयुगांचे प्रमाण ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट असते, कारण ते मुळात एका वेगळ्या यंत्रासाठी तयार झाले आहे: मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमधील हायपॉइड गिअरसाठी. या रचनेत लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्यापासून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे गाडीच्या तळातून जाणारा शाफ्ट खाली बसवता येतो आणि गाडीची उंची कमी करता येते. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ही रचना मोटारीत आणली. तिची किंमत अशी की, दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही, आणि साधे तेल तेथे टिकत नाही.

आता गंधकाची सक्रिय संयुगे जास्त तापमानाला तांब्यालाही लागतात, आणि सिंक्रो रिंग तर तांबेयुक्त. जीएल-५ बद्दलची जुनी तक्रार ही आहे. अलीकडच्या चांगल्या जीएल-५ तेलांमध्ये तांब्याला वाचवणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे ‘जीएल-५ घातले की रिंग विरघळते’ हे विधान आज अतिशयोक्त ठरते. परंतु रिंग कुजली नाही तरी तेल अधिक निसरडे असल्याने तिची पकड कमी होऊ शकते, हा आक्षेप उरतोच आणि जुन्या गाडीत तोच महत्त्वाचा असतो. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर ‘त्यापेक्षा वरच्या दर्जाचे’ म्हणून जीएल-५ भरण्यात काही लाभ नाही. हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे चढत्या गुणवत्तेचे नसून वेगवेगळ्या कामांचे आहेत. याची उलट बाजूही आहे. सुबारू कंपनीच्या मॅन्युअल गाड्यांमध्ये पुढचा हायपॉइड डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात, एकाच तेलात असतात, आणि तेथे कंपनी स्वतःच जीएल-५ सांगते; तिने सिंक्रोही त्या तेलाला मानवतील असे घडवलेले असतात. होंडाने आपल्या अनेक गाड्यांच्या गिअरबॉक्ससाठी दीर्घकाळ इंजिन ऑइल चालते असे सांगितले आणि पुढे खास स्वतःचे पातळ तेल आणले. १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत, जसे आजही आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत चालतात. थोडक्यात, सर्व गाड्यांना चालेल असे एक गिअर ऑइल अस्तित्वात नाही, आणि या विषयातला शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा असतो.

दुसरा गोंधळ दाटपणाच्या आकड्यांचा आहे. महाराष्ट्रातल्या गॅरेजमध्ये आणि सुट्या भागांच्या दुकानांत ‘नव्वद नंबर ऑइल’ हा शब्द इतका रुळलेला आहे की गिअर ऑइल म्हणजे नव्वद नंबर, असेच समीकरण झाले आहे. अँबेसिडर, जीप आणि ट्रकांच्या काळात, जेव्हा मागच्या चाकांना गती देणारी वाहनेच रस्त्यावर होती, तेव्हा ते फारसे चुकीचे नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर आडवे इंजिन, पुढच्या चाकांना गती आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच पेटीत असलेला ट्रान्सॲक्सल भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसू लागला. अशा आडव्या मांडणीत डिफरन्शियलचे मोठे चक्र तिरप्या दातांचे साधे चक्र असते, हायपॉइड नसते, त्यामुळे तेथे जड दाबाच्या तेलाची गरजच संपते आणि हलक्या, चटकन वाहणाऱ्या तेलाची सोय वाढते. रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या, दुकानातला शब्द मात्र तोच राहिला.

डब्यावरचा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० हा आकडा सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने ठरवलेल्या प्रतवारीतला असतो. त्यात डब्ल्यूच्या आधीचा अंक थंडीतला प्रवाहीपणा आणि नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला असलेला दाटपणा दाखवतो. इंजिन ऑइलची प्रतवारी वेगळ्या पट्टीने मोजली जाते, हे लक्षात न आल्याने नव्वदचे गिअर ऑइल चाळीसच्या इंजिन ऑइलपेक्षा दुपटीहून दाट असावे असा समज होतो. वास्तविक १०० अंशांना नव्वदच्या प्रतीच्या गिअर ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असतो आणि चाळीसच्या इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३ या मर्यादेत. दोन्ही जवळजवळ सारखीच. थंडीच्या अंकाचा संबंध हिमप्रदेशाशी आहे असे वाटते, आणि ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशांना होते हेही खरे; परंतु जानेवारीतल्या नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर नाखुशीने पडतो, तेव्हा त्याचा अर्थ आपल्याकडेही कळतो. गिअरबॉक्समध्ये काही जळत नसल्यामुळे तो इंजिनपेक्षा सावकाश तापतो, आणि तोवर दाट तेल झिजलेल्या रिंगखालून वेळेवर निघत नाही.

गिअर ऑइल इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी अधिक टिकते ते त्यात काजळी, न जळलेले इंधन किंवा आम्ले मिसळत नाहीत म्हणून. तरीही ते म्हातारे होते. बहुप्रतीच्या तेलात दाटपणा टिकवण्यासाठी लांबच लांब रेणूंची द्रव्ये घातलेली असतात. दातांच्या चिमटीत सापडून ते रेणू तुटतात आणि तेल हळूहळू पातळ होते. दाब झेलणारी संयुगे अभिक्रियांत खर्ची पडतात. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते. आणि मुख्य म्हणजे फिल्टर नसल्यामुळे झिजलेले पोलाद आणि पितळ तेलातच राहते. ड्रेन प्लगला चुंबक असला तर पोलादाचे कण तो धरून ठेवतो, पण पितळ चुंबकाला लागत नाही, ते बेअरिंगमधून फिरतच राहते. अनेक निर्माते ४० ते ८० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगतात, तर काही ‘आयुष्यभर चालणारे तेल’ असे म्हणतात. हे आयुष्य निर्मात्याने गृहीत धरलेले असते. भारतात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तपासणीनंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. इतकी वर्षे गाडी ठेवणाऱ्याने त्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही. एएमटी गाड्यांचे मालकही येथे फसतात. अशा गाडीत क्लच आणि दांडा हलवण्याचे काम यंत्र करते एवढेच. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो आणि त्याचे तेलही गिअर ऑइलच असते.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक भीती हमखास ऐकू येते: इतकी वर्षे बदलले नाही, आता बदलले तर गिअरबॉक्स बसेल. ही भीती ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून आलेली आहे. तेथे क्लचच्या पट्ट्या तेलातच बुडालेल्या असतात, आणि झिजलेल्या पट्ट्यांचा भुगा जुन्या तेलात तरंगत राहून उरलीसुरली पकड देत असतो असे मानले जाते. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या तेलापासून अलग, कोरडी असते, त्यामुळे हा तर्क तेथे लागूच होत नाही. या भीतीत तथ्याचा अंश असलाच तर तो वेगळा आहे: तेल बदलल्यानंतर आधीपासून असलेला दोष स्पष्ट दिसू लागतो. जाड झालेल्या गाळाने किंवा मुद्दाम भरलेल्या अतिदाट तेलाने बेअरिंगचा आवाज दबलेला असतो. योग्य तेल आल्यावर तो ऐकू येतो. जुनी गाडी विकण्याआधी दाट तेल भरून आवाज लपवण्याची क्लृप्ती धंद्यात नवी नाही, आणि नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचे गिअर ऑइल लगेच बदलून घ्यावे यामागचे सर्वांत व्यवहारी कारणही हेच आहे.

तेल बदलण्याचे ठरवण्यापूर्वी तक्रार खरोखर गिअरबॉक्सची आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते, कारण ‘गिअर जड पडतो’ या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष लपतात. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहिले असता ते सहज पडत असतील, पण इंजिन सुरू असताना अडत असतील, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. याची आणखी एक खूण रिव्हर्स गिअरमध्ये सापडते. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत पडत असेल तर क्लच अजून शाफ्ट फिरवत आहे हे निश्चित समजावे. इंजिन बंद असतानाही दांडा जड लागत असेल तर संशय दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलींवर, सळ्यांवर आणि त्यांच्या झिजलेल्या बुशांवर जातो. आणि गाडी थंड असताना एखादाच गिअर, बहुधा दुसरा, खरखरत असेल व सावकाश टाकल्यास व्यवस्थित पडत असेल, तर ती सिंक्रोची तक्रार असते. तेल बदलून आराम पडण्याची शक्यता आहे ती या तिसऱ्या प्रकारातच.

प्रत्यक्ष काम सोपे आहे, मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल कोमट करून घेतले की ते पातळ होते आणि तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. गाडी रॅम्पवर किंवा चार भक्कम स्टँडवर समतल उभी असावी लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये आणि एका बाजूने उचललेल्या गाडीत पातळीही खरी कळत नाही. त्यानंतर आधी वरचा, तेल भरण्याचा प्लग उघडावा आणि तो उघडल्यावरच खालचा ड्रेन प्लग सोडवावा. वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा प्लग गंजून बसलेला असला आणि तेल आधीच सांडून गेले असले, तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही. काही प्लगांना षट्कोनी डोके असते तर काहींना चौकोनी खाच. जवळपास बसणारा पाना लावून डोके गोल करण्यापेक्षा नेमका पाना आणणे स्वस्त पडते. तेल थेंब थेंब होईपर्यंत गळू द्यावे. ऑटोमॅटिकप्रमाणे येथे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहत नाही, जवळजवळ सगळे बाहेर येते, त्यामुळे आत रॉकेल किंवा डिझेल फिरवून गिअरबॉक्स धुण्याची काही गॅरेजमधली पद्धत अनावश्यकच नव्हे तर घातक आहे. कोपऱ्यांत उरलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते आणि सुटलेला गाळ गाळायला आत काहीही नसते.

गळालेल्या तेलाकडे पाहिल्याशिवाय ते ओतून देणे म्हणजे या कामातला अर्धा लाभ गमावणे आहे. पहिली गोष्ट त्याचे माप. बहुतेक लहान गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दीड ते अडीच लिटर तेल बसते. पुस्तिकेत दोन लिटर लिहिलेले असताना सव्वा लिटरच निघाले, तर उरलेले कोठून गेले याचा शोध घ्यावा लागतो. चाकांकडे जाणारे ॲक्सल जेथे शिरतात तेथली रबरी ऑइल सील वयाने कडक होऊन झिरपू लागतात; इनपुट शाफ्टचे सील गळू लागले तर तेल क्लचवर उडून क्लच घसरू लागतो. रंगावरून मात्र फारसे काही ठरवू नये, कारण काही तेले मूळचीच गडद असतात आणि काही थोड्या वापरानेही काळवंडतात. चुंबकावरची करडी, लोण्यासारखी मऊ लगदी सामान्य झिजेची असते. बोटांच्या चिमटीत कडक लागणारे पोलादाचे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे निघाले तर बेअरिंग किंवा दात तुटू लागला आहे, आणि तेथे तेल बदलणे हा उपाय राहत नाही. तेल उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चमक दिसली तर ते सिंक्रो रिंगांचे पितळ. थोडी चमक जुन्या गाडीत अपेक्षितच असते, पण तेल सोनेरी रंगासारखे झळाळत असेल तर रिंगांचे दिवस भरले आहेत.

दुधाळ किंवा चहाच्या रंगाचे तेल म्हणजे आत पाणी शिरलेले आहे. गिअरबॉक्सला आतली हवा बाहेर पडण्यासाठी एक लहान श्वासनलिका असते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात एकाएकी थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि त्या नळीतून किंवा म्हाताऱ्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात किंवा २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात बुडालेल्या गाड्यांबाबत इंजिनाची काळजी सर्वांना असते; परंतु गुडघाभर पाण्यातून इंजिन बंद न पडता बाहेर आलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही पाणी असू शकते, आणि ते बेअरिंगवर गंजाचे ठिपके पाडत महिनोन् महिने तेथेच राहते. अशा प्रवासानंतर किलोमीटरचा हिशेब न करता तेल तपासून घेणे योग्य ठरते.

ड्रेन प्लग पुसून, नवे वॉशर घालून बसवावा. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाही, आणि काही गाड्यांत वॉशरऐवजी सीलंट लावायचे असते. गिअरबॉक्सचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे असल्याने जोर लावून आवळल्यास आटे जातात, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच टॉर्क द्यावा. नवे तेल हातपंपाने किंवा लांब नळी लावलेल्या नरसाळ्याने भरतात आणि ज्या गाड्यांत भरण्याचे छिद्र हेच पातळीचे छिद्र असते त्यांत ते काठावरून ओघळू लागेपर्यंत भरतात. ओघळणे थांबल्यावर प्लग लावायचा. थोडे जास्त असलेले बरे, हा विचार येथे चालत नाही: जादा तेल घुसळले जाऊन त्याला फेस येतो, ते तापते आणि सीलमधून वाट काढते. निघालेले तेल बंद डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि कुंपणाला वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासण्याची किंवा गटारात ओतण्याची सवय माती आणि विहिरी दोन्ही नासवते.

नव्या तेलाचा परिणाम पहिल्या काही दिवसांत, विशेषतः सकाळच्या पहिल्या फेरीत जाणवतो. दुसरा गिअर पूर्वीपेक्षा सहज पडू लागला आणि खरखर कमी झाली, तर रिंगांमध्ये अजून आयुष्य आहे. दात आपटून बोथट झाल्यामुळे घाटात ॲक्सिलरेटर सोडताच गिअर उडून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर ते कोणत्याही तेलाने थांबत नाही. त्याचप्रमाणे न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येणारी आणि क्लच दाबताच थांबणारी घरघर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असू शकते. तीही तेलाने फार तर मंदावते. अशा गाडीला लगेच गिअरबॉक्स उतरवण्याची घाई असतेच असे नाही. नवे तेल नेहमीच्या अंतराआधीच, वीस-पंचवीस हजार किलोमीटरवर, एकदा काढून पाहिले आणि पितळाची चमक पहिल्याइतकीच किंवा अधिक निघाली, तर पुढच्या खर्चाची तयारी ठेवता येते. क्लच प्लेट बदलायची वेळ आली की गिअरबॉक्स असाही खाली उतरतोच. सिंक्रो रिंगा, बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचे सील यांचे काम त्याच वेळी काढले तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.